रिक्त जागा : शून्य

१२ जुलै

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते : बाबा ठीक आहेत. मीही ठीक आहे.

फोन करता आला असता. पण फोनवर आपलं लगेच भांडण होतं आणि तू ठेवून देतेस. कागदावर निदान मला शेवटपर्यंत बोलता येतं.

बाबांनी दुकानांच्या पाट्या रंगवणं आता जवळजवळ सोडलंय. सगळे छापील फलक लावतात. तरी सकाळी उठून ब्रश धुतात, न वापरलेलेसुद्धा. तुझा विषय काढत नाहीत. कुणी काढला तर चष्मा पुसायला घेतात. तू त्यांना न सांगता गेलीस याचा राग आहे, की गेलीस याचाच, ते त्यांनाही ठरवता आलेलं नाही असं मला वाटतं.

माझ्या रागाचं मात्र नक्की ठरलेलं आहे. माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी तूच म्हणाली होतीस, "आमच्या आरोग्य केंद्रात फार्मासिस्टची जागा निघालीय. ये. औषधं तू सांभाळ, बायका मी सांभाळते. असं चालवू की लोक मोठ्या हॉस्पिटलचा रस्ता विसरतील." मी आले. औषधांच्या कपाटांची कुठली किल्ली कुठे लागते हे कळायच्या आत तू विमानात बसलीस. घरातली पहिली पदवीधर म्हणून तूच मला मिरवलंस, आणि मिरवून झाल्यावर मांडवात एकटी सोडून गेलीस. असो. हे लिहायचं नव्हतं.

केंद्राची खबर तुला कुणी देत नसेल. डॉक्टर दोन केंद्रं सांभाळतात, म्हणजे दोन्हीकडे नसतात. मोठ्या सिस्टर एकट्या आहेत. लसीकरण त्याच, ड्रेसिंग त्याच, बाळंतपणाची खोली त्याच. त्यांच्या पायांच्या शिरा सुजून दोरखंडासारख्या झाल्यात. खुर्चीत बसल्या की दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकतात आणि म्हणतात, "ही तुझ्या ताईची खुर्ची. रिकामी कशाला ठेवायची?" वर्षअखेरीस त्या निवृत्त होतील.

व्हरांड्यातला हिरवा बोर्ड आठवतो ना? बाबांनीच रंगवलेला. "नर्स : मंजूर जागा दोन, भरलेल्या दोन, रिक्त शून्य." खाली दोन नावं. त्यातलं दुसरं तुझं. बाबांनी ते किती जपून काढलं होतं, शेवटच्या अक्षराची वेलांटी तीनदा पुसली होती. तपासणीला आलेल्या बायका बाकावर बसून तो वाचतात आणि विचारतात, "ह्या दुसऱ्या सिस्टर कुठे असतात?" मी सांगते, "रजेवर आहेत."

तू बिनपगारी रजेवर आहेस, आणि ती तू वाढवत चालली आहेस. मी वरच्या ऑफिसला दर महिन्याला लिहिते की नर्स द्या. ते दर महिन्याला कळवतात की तुमच्याकडे जागा रिक्त नाही. आपले हेडक्लार्क (सगळे अजूनही त्यांना नियमकाका म्हणतात, त्यांनाही ते आवडतं) मला म्हणाले, "पोरी, कागदावर दोघी आहेत. कागदाला पाय दुखत नाहीत."

म्हणून हे पत्र. ताई, रजा वाढवू नकोस. राजीनामा दे. सहीचा कागद लागतो, फोटो चालत नाही.

तुझी
धाकटी

२० ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, तार म्हणावी. "ती जागा माझी आहे. मी कष्टाने मिळवली आहे. परत यावंसं वाटलं तर कुठे येऊ? पुन्हा विचारू नकोस."

विचारणार नव्हते. मागचा आठवडाभर विचारलं नाही हे तुझ्यापर्यंत पोचलं नसेल, पण मी ते पाळलं. आता जे घडलं ते फक्त सांगते.

बुधवारी मोठ्या सिस्टर लसींचा डबा घेऊन वस्त्यांवर गेल्या होत्या. डॉक्टर दुसऱ्या केंद्रात. दुपारी एक बाई आली, बरोबर तिची सासू. खोलीच्या दारातच ती खाली बसली. मी ड्रायव्हरला गाडी लावायला सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं म्हणून. सासूने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मूर्ख आहे. "नेता कुठे? डोकं दिसतंय!" म्हणाली.

तुला माहीत आहे मी काय शिकले आहे. कुठलं औषध किती अंशांवर ठेवायचं, कधी मुदत संपते, कशाबरोबर काय देऊ नये. बाळाला कसं धरायचं ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. मी हातमोजे घातले. आमच्याकडे सगळे मोठ्या मापाचेच येतात, मागणीत छोटं माप लिहिलं तरी. मोठ्या सिस्टर मनगटाला रबरबँड लावतात. मला रबरबँड सापडले नाहीत.

बाळ त्या सासूनेच घेतलं खरं तर. मी धरलं असं म्हणायला मीही होते. बाळ रडलं. मीही रडले असेन, कारण सासू म्हणाली, "आता तू कशाला?"

मग रक्त थांबेना. मी मोठ्या सिस्टरांना फोन लावला, सासूला तो माझ्या कानाशी धरायला सांगितला. त्या रस्त्याने चालतच बोलत होत्या, मला त्यांचा दम ऐकू येत होता.

"पोटावर हात ठेव. बेंबीच्या खाली. कडक लागतंय की मऊ?"

"मऊ."

"मग चोळ. गोल गोल. कडक होईपर्यंत सोडायचं नाही. घाबरून हलका हात लावशील तर मी येऊन तुला मारीन. ते फ्रीजमधलं इंजेक्शन आहे ना?"

होतं. शेवटचं होतं. ताई, हे ऐक. आम्हाला मागच्या वर्षी जेवढं वापरलं तेवढंच यंदा मिळतं. तू गेल्यापासून आम्ही बायका मोठ्या हॉस्पिटलला पाठवतो, म्हणून इथे बाळंतपणं कमी, म्हणून वापर कमी, म्हणून पुरवठा कमी. नर्स नाही म्हणून औषधसुद्धा नाही. हे मी मागणीपत्रात चांगल्या भाषेत लिहिलं, तर त्यावर शेरा आला : "वापरानुसार मागणी करावी."

मांडीत इंजेक्शन मीच दिलं. मला ते द्यायचा अधिकार नाही. तू कुणाला सांगणार नाहीस म्हणून लिहिते. थोड्या वेळाने पोट हाताखाली चेंडूसारखं कडक लागलं. तेव्हा मला कळलं की मोठ्या सिस्टर आणि तू रोज हाताने काय शोधत होतात.

बाई वाचली. गाडीने मोठ्या हॉस्पिटलला गेली, तिथे रक्त चढवलं. जाताना सासूने बोर्डाकडे बघितलं आणि मला विचारलं, "तू ह्यातली कोणती?"

मी गाडीचं दार लावलं. ती उत्तराला थांबलीही नाही.

एवढंच. विचारत नाही.

धाकटी

२५ सप्टेंबर

ताई,

राजीनामा पोचला. त्याच्याबरोबरचं पत्रही.

ते मी औषधांच्या खोलीत खोक्यावर बसून वाचलं. दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन एका आजोबांना खोकल्याची बाटली दिली, परत येऊन पुन्हा वाचलं.

मला माहीत नव्हतं. तू फोटो पाठवायचीस त्यात पांढरा युनिफॉर्म असायचा, मी समजायचे नर्सचाच. तिथली परीक्षा भाषेच्या पेपरात अडकली हे तू का सांगितलं नाहीस? की मी विचारलं नाही? तिथे तू नर्स नाहीस. म्हाताऱ्यांना अंघोळ घालतेस, चादरी बदलतेस, भरवतेस. सुईला हात लावायची तुला परवानगी नाही. "एका आजोबांची शीर त्यांच्या नर्सला सापडत नव्हती," असं तू लिहिलंयस, "मला लांबून दिसत होती. आणि मी बेसिनपाशी टॉवेल पिळत उभी होते." हे वाचताना माझ्या हाताची बोटं आपोआप वळली.

आणि शेवटी : "जगात एकच भिंत आहे जिथे माझ्या नावापुढे सिस्टर लिहिलंय. ती तुझ्या व्हरांड्यात आहे. ती मागतेस तर घे. त्या बाईच्या सासूला आता काहीतरी उत्तर दे."

ताई, तुला परत पाठवायला म्हणून मी राजीनामा पाकिटात घातला होता. खरंच. पत्ताही लिहिला होता. मग मोठ्या सिस्टर आत आल्या, फ्रीजच्या दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गार वाटतं गं. दोन मिनिटं उभी राहू दे." त्यांचा चेहरा बघून मी पाकीट फोडलं.

नवीन नर्स येईल. चांगली येईल. तुझी खुर्ची तिला देईन, आणि ती कुणाची ते सांगेन. एवढंच मला तुझ्यासाठी करता येतं. फार थोडं आहे, मला कळतं.

बाबांना फक्त "पत्र आलंय" एवढंच सांगितलं. तू बाकीचं सांगू नकोस म्हणालीस, ते पाळलं. बाबा ब्रश पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "थंडी असेल तिकडे."

मी म्हटलं, "असेल."

"तिला सकाळची सर्दी होते. लहानपणापासून." मग ब्रश पालथे घालून झोपायला गेले.

तू गेल्यापासून तुझ्याबद्दल ते एवढं कधी बोलले नव्हते.

तुझी
धाकटी

१९ ऑक्टोबर

ताई,

आज मी थकले आहे पण खूश आहे. बऱ्याच दिवसांनी दोन्ही एकदम.

तुझा राजीनामा मी नियमकाकांकडे दिला होता, कारण सगळे कागद त्यांच्यामार्फत वर जातात. त्यांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि काचेच्या पेपरवेटखाली ठेवला. ठेवला तो ठेवलाच. मी रोज जाता-येता बघायचे. पेपरवेटच्या आत एक निळं फूल आहे, ते तुझ्या सहीच्या बरोब्बर वर.

"काका, तो कागद?"

"कागद पिकू द्यावा लागतो, पोरी. कच्चा पाठवला की परत येतो."

"काका, तोवर बायका थांबतील का?"

"आगाऊ आहेस. तुझी ताई अशी नव्हती."

"माझी ताई इथे नाही, तोच तर कागद आहे."

यावर ते हसले, आणि चहा मागवला. कागद तिथेच. ज्यांना काम करायचं नसतं त्यांना म्हणी बऱ्या सुचतात, असं मी मोठ्या सिस्टरांना म्हटलं. त्या दिवशी त्यांना सरळ उभं राहता येत नव्हतं.

सोमवारी काका पाहुण्यांकडे गेले, चार दिवसांच्या रजेवर. मी पेपरवेट उचललं. डॉक्टर एक पाय गाडीत टाकून उभे होते, त्यांच्यापुढे कागद धरला. त्यांनी बॉनेटवर ठेवून शिफारशीची सही केली. काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी स्वतः वरच्या ऑफिसला गेले. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून जेवणाच्या सुट्टीवर. शेवटी आवक खिडकीतल्या बाईने शिक्का मारला आणि पोच दिली. ती माझ्या समोर आहे. तुझा राजीनामा पोचला याची पोच.

परतताना बसमध्ये उभीच होते, पण मला वाटत होतं की शिकल्याचा हाच उपयोग. अडलेला कागद हाताने ढकलता येतो.

आता त्यांच्याकडे जागा रिकामी दिसेल. आता नर्स द्यावी लागेल.

तू कशी आहेस? सर्दी?

धाकटी

३० नोव्हेंबर

ताई,

हे पत्र मी टाळत होते. तीन वेळा सुरुवात करून फाडलं.

वरच्या ऑफिसचं उत्तर आलं. तुझा राजीनामा मंजूर. त्याखाली आणखी एक ओळ : "सदर पद रिक्त झाल्याने नवीन धोरणानुसार गोठवण्यात येत आहे."

ती ओळ घेऊन मी नियमकाकांकडे गेले. ते वाचून त्यांनी चष्मा काढला.

"उन्हाळ्यात परिपत्रक आलंय," म्हणाले. "जी जागा रिकामी होईल ती गोठवायची. भरलेलीला हात लावायचा नाही. म्हणून तर मी तो कागद दाबून ठेवला होता. तुझी ताई रजेवर आहे तोवर जागा जिवंत. उद्या धोरण बदललं असतं, तिच्या जागी तात्पुरती कुणीतरी मागता आली असती."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल. तू सगळं वाचतेस."

ताई, त्यांनी तो खरंच मुद्दाम दाबला होता की नेहमीच्या सवयीने, हे मला कळत नाही. मला वाटतं त्यांनाही आता कळत नाही. त्यांनी परिपत्रक शोधायला घेतलं तेव्हा ते पेपरवेटखालच्या गठ्ठ्यात सापडलं, न उघडलेल्या पाकिटात. कुणाकडून तरी ऐकलं होतं म्हणे. मी त्यांच्याशी भांडले नाही. कागद वर नेला तो मी. आणि तुझ्याकडून मागून घेतला तोही मीच.

मी पद पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज केलाय. पहिल्याचं उत्तर आलं, "नोंद घेतली." दुसराही केलाय. करत राहीन, पण तुला खोटी आशा दाखवणार नाही. तुझ्या जागी कुणी येणार नाही. तुलाही आता त्या जागेवर येता येणार नाही. एका नर्सवर बाळंतपणाची खोली चोवीस तास ठेवता येत नाही, म्हणून ती आता दुपारी बंद होते. वर्षअखेरीस मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या की त्यांचीही जागा रिकामी होईल, म्हणजे तीही गोठेल. मग खोलीला कुलूप लागेल. मोठ्या सिस्टर माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बस आधी. जेवलीस का?" आणि तुझी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

त्यांनी मला शिकवायला घेतलंय. दुपारी दार बंद झालं तरी बायका दाराशी येणारच, असं त्या म्हणतात. पोटावरचा हात, नाळ, बाळाचं नाक पुसणं. अधिकार नाही, पण हात तयार असू दे, म्हणतात. हातमोजे अजून मोठेच आहेत. रबरबँड आता मी खिशात ठेवते.

आता एक हसण्यासारखी गोष्ट. वरच्या ऑफिसकडून आम्हाला प्रशस्तिपत्र आलंय. सगळी मंजूर पदं भरलेली असल्याबद्दल. एक मंजूर, एक भरलेलं, रिक्त शून्य. नियमकाकांनी ते चौकटीत बसवून आणलं. मोठ्या सिस्टरांनी वाचलं आणि इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं.

त्यामुळे बोर्डही बदलायचा आदेश आला. रंगवायला बाबांनाच बोलावलं, दुसरं आहेच कोण. मी घरी सांगितलं तेव्हा चष्मा पुसत राहिले. मला वाटलं नाही म्हणतील. सकाळी स्वच्छ शर्ट घालून, हिरव्या रंगाचा डबा घेऊन आले. स्टुलावर चढले. आधी दोनाचा एक केला. मग तुझ्या नावापाशी आले आणि थांबले. व्हरांड्यातल्या बायका बघत होत्या.

मग त्यांनी रुंद ब्रश घेतला आणि डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवला. खाली उतरले. ब्रश पुसायला लागले.

नियमकाका म्हणाले, "खालचं दिसतंय अजून. दुसरा हात मारायला लागेल."

"रंग संपला," बाबा म्हणाले.

डबा त्यांच्या पायाशी होता. अर्ध्याहून जास्त भरलेला. काकांनी डब्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि आत जाऊन बसले.

मी बाबांना दारापर्यंत सोडायला गेले. तेव्हा म्हणाले, "तिकडे ती काय काम करते, मला माहीत आहे. तिने पाठवलेल्या फोटोत तिचे हात बघितले होते. पाण्यात राहिलेले हात मला कळतात." थोडं पुढे जाऊन परत वळले. "तिला लिही. घर गोठवत नाही कुणी."

मी लिहिलं, ताई.

दुपारी व्हरांड्याचं दार उघडं असलं आणि समोरून ऊन आलं की हिरव्याखालून तुझं नाव वाचता येतं, वेलांटीसकट. परवा एक नवीन बाई तपासणीला आली होती. बाकावर बसून ती बराच वेळ बोर्डाकडे बघत होती. मग मला हाक मारून म्हणाली, "ह्या दुसऱ्या सिस्टर कुठे असतात?"

"रजेवर आहेत," मी म्हटलं.

तुझी
धाकटी